माय भात चोरत नव्हती

आमच्याकडे शुगर निघालेल्या माणसाला पहिली शिक्षा भाताची होते. डॉक्टर कोणताही असो, खरा शिकलेला असो की नुसती पाटी लावून बसलेला, गोळी लिहायच्या आधी तो तोंडाने म्हणतो, "भात बंद." भंडारा जिल्ह्यात भात बंद! जिथे सकाळी रात्रीचा शिळा भात फोडणी देऊन, दुपारी भात, रात्री भात, अन् पाहुणा दारात आला की पुन्हा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर. बरं, बंद करून खायचं काय, हे कोणी धड सांगत नाही. "पोळी खा." अरे बाप्पा, माझ्या मायने जन्मभर पोळी खाल्ली ती सणाला, तीही अर्धी, कारण ती तिच्या घशाखाली उतरायची नाही.

तरी तिने भात सोडला. हे मी आधीच ठणकावून सांगते, कारण पुढची दोन-तीन वर्षं या एका गोष्टीवर जगात कोणी विश्वास ठेवला नाही.

मी लाखनीला हायवेलगत ब्लाऊज शिवते. माहेर तिथून फार दूर नाही, धानाच्या पट्ट्यातलं लहानसं गाव. बाप गेल्यावर माय भावाकडे राहायची. म्हणजे स्वतःच्याच घरात, पण पोराचं लग्न झालं की घर कोणाचं होतं ते मी काय सांगू. भाऊ माझ्याहून मोठा, कष्टाळू, वाईट मुळीच नाही. वहिनीही वाईट नाही. वाईट कोणीच नव्हतं, तरी मायचं व्हायचं ते झालं, अन् म्हणूनच माझं डोकं आजही फिरतं.

आधी गोळ्या होत्या. गोळ्यांनी भागेना तेव्हा सुई लागली. इन्सुलिनला आमच्याकडे सुईच म्हणतात. ती लिहून दिली रविवारच्या डॉक्टरने. हे नाव आम्हीच पाडलं होतं. तो दर रविवारी नागपूरहून गाडीने यायचा अन् एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचा. पाटीवर मोठ्या अक्षरात 'मधुमेह तज्ज्ञ', त्याखाली हृदयरोग, त्याखाली पोटाचे विकार, त्याखाली जागा संपली म्हणून बारीक अक्षरात आणखी काहीतरी. पेशंट जिन्यावर, जिन्याखाली, पानठेल्यापाशी, पार रस्त्यापर्यंत. नंबर लागला की आत जायचं, रिपोर्ट पुढे करायचा. तो रिपोर्ट पाहायचा. मायकडे पाहायचा नाही.

"वाढली. भात खाता?"

"नाई जी."

"खोटं नका बोलू आई. रिपोर्ट खोटं बोलत नाही."

अन् सुईचा आकडा वाढवून कागद परत. पुढच्या वेळी पुन्हा तेच. आकडा वाढत गेला, शुगरही वाढत गेली, अन् दर वेळी गुन्हेगार माय. एकदा मी मध्ये बोलले, "अवो डॉक्टर साहेब, ती खरंच खात नाही," तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला मागच्या दाराने भाताची परात नेऊन देते.

हे "रिपोर्ट खोटं बोलत नाही" भावाने घरी आणलं. ते वाक्य घरात राहायलाच आलं. मायने गंजाकडे नुसतं पाहिलं तरी भाऊ म्हणायचा, "माय, रिपोर्ट येईन हो." वहिनीने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने आळीला. पाण्याला गेली तर बाया विचारायच्या, "काय वो मावशी, आज किती वाट्या खाल्ल्या?" मस्करीच ती. पण ज्याची होते त्याला विचारा.

माय एवढंच म्हणायची, "एक शीत नाई खाल्लं वो बाई म्या."

त्या पावसाळ्यात तिचं बोट गेलं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की माय घरात बसणारी नव्हती. गावच्या बायांच्या टोळीत चिखलात उतरायची, गाणं उचलायची तीच. पायाला कशाने तरी कापलं. शुगरने पाय बधिर झाले होते, तिला कळलंच नाही. घरी आल्यावर वहिनीने सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा कळलं. पुढे पिकलं, काळं पडलं, अन् भंडाऱ्याला नेऊन डाव्या पायाचं करंगळीजवळचं बोट काढावं लागलं. त्या सर्जनने आपलं काम नीट केलं, त्याच्याबद्दल मला बोलायचं नाही. पण तोही जाता जाता भावाला म्हणाला, "पथ्य पाळत नाहीत का? अशा शुगरमध्ये पुढे पाऊल जाईल."

झालं. भावाने घरी येऊन भाताच्या गंजाला कुलूप घातलं. म्हणजे गंजाला नाही, फडताळाला. भात शिजला की जेवणं व्हायची, उरलेला फडताळात, बाहेरून कुलूप, चाबी वहिनीच्या कमरेला. तांदळाची कोठीही आतल्या खोलीत. ज्या बाईने त्याच धानाच्या बांधीत कंबर मोडून आम्हाला वाढवलं, तिच्या घरात तिच्यापासून भात कुलपात!

मला कळलं तशी मी दुकान अर्धं टाकून गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"दादा, लाज नाई वाटत का?"

"तुले काय जाते बोलाले?" तोही भडकला. "मी दुश्मनीनं लावलो का कुलूप? तिचा पाय कापतीन ते दिसते का तुले?"

"ते नाई म्हणते ना खात!"

"मंग शुगर कायले वाढते? हवेनं वाढते?"

  त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. माय भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे, पायाला पांढरी पट्टी. ती म्हणाली, "भांडू नका रे. राहू दे कुलूप. कुलूप असन तं तुमी तरी मानसान, म्या खात नाई."

अन् खरंच, कुलूप असूनही शुगर वाढली. आता माणसाने विचार करायला नको? पण नाही. आता ती शेजारी जाऊन खाते, असं ठरलं.

दिवाळीच्या आधी त्याच पायाच्या अंगठ्याला फोड आला. सर्जनने पाहिलं अन् स्पष्टच सांगितलं, थोडे आठवडे वाट पाहतो, शुगर उतरली तर जखम भरेल, नाही उतरली तर अर्धं पाऊल काढावं लागेल. मी परतीच्या बसमध्ये मायच्या शेजारी बसले होते. तिने विचारलं, "अर्धं म्हंजे कुठवर?" 

तेव्हा मी ठरवलं की आता खरा डॉक्टर शोधायचा. पण खरा म्हणजे कोणता, हेच कोणाला माहीत नव्हतं. कोणी म्हणे अमुक गावी एक जण पावडर देतो, कोणी म्हणे कारल्याचा रस, कोणी म्हणे शिबिरात जा, मंगल कार्यालयात फुकट तपासतात. गेलो तिथेही. बोट टोचून आकडा सांगितला, औषधाच्या कंपनीची पिशवी दिली, अन् म्हणाले, भात बंद करा. मी ती पिशवी तिथल्या तिथे त्यांच्या टेबलावर ठेवून आले. सरकारी दवाखान्यातल्या एका बाईने मात्र खरं सांगितलं, "ताई, याचे वेगळे डॉक्टर असतात. ते इथं नाहीत. नागपूरला जा." त्यांचं नाव काय म्हणतात, तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट. मी तीन वेळा म्हणवून घेतलं तरी दाराबाहेर येईपर्यंत विसरले.

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा खुर्च्या वाटल्या, फायली वाटल्या, साहेब वाटले. हा डॉक्टर काही वाटणीत आला नाही. असता तर वाटला असता ना! अन् शुगरचे पेशंट दोन्हीकडे घरोघरी.

शेवटी सापडला तो माझ्या दुकानातच. एक बाई नेहमी यायची, नोकरीवाली, ब्लाऊजचं माप दर काही महिन्यांनी बदलायचं तिचं. गळ्याच्या ग्रंथीचा त्रास होता. ती आली, "जयभीम ताई" म्हणून स्टुलावर बसली, अन् मी माप घेता घेता चिडून बोलत होते ते ऐकून म्हणाली, "अवो, मग माझ्याच डॉक्टरकडे न्या की."

"तुमचा तर गळ्याचा आहे."

"गळ्याचा नाही, हार्मोनचा. शुगरही तोच पाहतो. म्हातारा आहे. लय विचारतो अन् कमी लिहितो."

लय विचारतो अन् कमी लिहितो. तोवर मला भेटलेले सगळे बरोबर याच्या उलटे होते. मी टेप गळ्यात तशीच ठेवून नंबर लिहून घेतला.

तारीख मिळाली. भाऊ म्हणाला, "आणखी एक डॉक्टर! तोंडाले लगाम नाही तं डॉक्टर काय करन?" मी म्हटलं, "तू नको येऊ." माय अन् मी सकाळच्या बसने निघालो. अंगठ्याला पट्टी, पायात भावाची मोठी चप्पल, कारण तिची तिला होईना. नागपुरात उतरल्यावर ऑटोत चढताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तो डॉक्टर खरंच म्हातारा होता. रिपोर्टची पिशवी त्याने बाजूला ठेवली. पहिल्यांदा पाय पाहिला, स्वतः पट्टी सोडून. मग विचारायला लागला. सकाळी काय खाता? काम काय करता? रात्री कधी घाम येऊन जाग येते का? सुई घरात कुठे ठेवता? कोण टोचून देतं?

"माही मीच घेतो जी."

"कुठे?"

"पोटावर."

इथपर्यंत रविवारचा डॉक्टरही एकदा आला होता. 'पोटावर' ऐकून 'बरोबर' म्हणून पुढे गेला होता. हा म्हणाला, "दाखवा."

मायने माझ्याकडे पाहिलं. माझी माय नऊवारी लुगडं नेसायची. आमच्या घरातल्या पुरुषांनी सोडाच, मीही तिचं पोट कधी पाहिलं नसेल. म्हाताऱ्याला ते समजलं. त्याने सिस्टरला बोलावलं, पडदा ओढायला लावला, मला म्हणाला, "तुम्ही आईचा हात धरून उभ्या राहा." अन् मायला म्हणाला, "आई, हात लावून पाहिल्याशिवाय मला कळणार नाही."

तिने पदर थोडा सरकवला. डाव्या कमरेला, पोलकं संपतं अन् लुगडं सुरू होतं त्याच्यामध्ये, हातभरही नाही, चार बोटांची उघडी जागा. डॉक्टर तिथे बोटांनी चाचपत राहिला. मग माझा हात घेऊन तिथे ठेवला. चामडीच्या आत लिंबाएवढा घट्ट गोळा होता, अन् त्याच्या बाजूला आणखी एक.

"रोज इथेच टोचता?"

"हाव जी. तिथं दुखत नाई."

"दुसरीकडे का नाही?"

माय लाजली. "लुगडं सोडा लागते ना जी. पोरगा घरात, सून घरात. चुलीपाशी पाठ फिरवून बसलो का तेवढीच जागा हाती लागते."

एवढंच होतं. दोन-तीन वर्षांचा सगळा तमाशा एवढ्यावर होता. लुगडं नेसणाऱ्या बाईला, दार लागत नाही अशा घरात, सुई टोचायला जी एक जागा मिळते तिथे ती टोचत राहिली. तिला जागा बदलायला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणता कोणी नाही! मी रोज सुई चालवते, एकाच जागी टाके पडले की कापडाचं काय होतं ते मला माहीत आहे. माणसाच्या चामडीचं माहीत असायला पाहिजे ते डॉक्टर जिन्यावर पेशंटच्या रांगा लावून आत बसले होते.

डॉक्टर सावकाश म्हणाला, "तिथे दुखत नाही, कारण तिथली चामडी मेल्यासारखी झाली आहे. इन्सुलिन त्या गाठीत अडकतं. कधी थोडं रक्तात जातं, कधी जातच नाही. अशात यांनी काहीही खाल्लं अन् काहीही सोडलं, तरी शुगर हाती येणार नाही."

"म्हणजे ती भात खात नव्हती?" मी विचारलं.

"त्या म्हणतात ना, नाही खात. मग नाही खात."

माय रडली. बोट कापलं तेव्हा ती रडली नव्हती. तिथे पदर तोंडात कोंबून अशी रडली की सिस्टर पाणी घेऊन आली.

मग त्याने सुई घ्यायच्या नव्या जागा दाखवल्या, मांडीवर, पोटाच्या दुसऱ्या बाजूला, रोज थोडी सरकवत. अन् सुईचा आकडा वाढवला नाही, चांगलाच कमी केला. चांगल्या चामडीत ती पूर्ण लागेल, जुनाच आकडा दिला तर शुगर एकदम पडेल, म्हणून. सुरुवातीला रोज तपासून त्याला फोन करायचा, साखर जवळ ठेवायची, हे त्याने मला दोनदा वदवून घेतलं. शेवटी म्हणाला, "दुपारी एक वाटी भात खा. सोबत वरण, भाजी जास्त."

"भात?" माय म्हणाली.

"भंडाऱ्याचे ना तुम्ही?" तो म्हणाला. मी उठायला लागले तर माय उठेना. तिने पायाकडे बोट दाखवलं. "डॉक्टर साहेब, हे पह्यले कोणी पाह्यलं असतं तं माहं बोट रायलं असतं काय?"

त्याने पुन्हा तिचा पाय पाहिला. मग म्हणाला, "राहिलं असतं, असं मला वाटतं." खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती त्याला. नेली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

संध्याकाळी घरी पोचलो. भाऊ अंगणात होता. मी बसमध्ये मनात काय काय जुळवून आणलं होतं त्याला सुनवायला, पण मायने मला बोलूच दिलं नाही. तिने वहिनीपुढे हात केला. "चाबी." वहिनीने भावाकडे पाहिलं. मग मी फक्त सांगितलं, गाठ कशी आहे, डॉक्टर काय म्हणाला. भाऊ तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याने मायच्या पायाला हात लावला, पट्टीच्या जरा वर. वहिनीने कमरेची चाबी सोडून दिली. मायने फडताळ उघडलं नाही. चाबी पदराच्या टोकाला बांधली अन् म्हणाली, "उद्या दुपारी खाईन. एक वाटी म्हणलं त्यानं."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी सुईच्या वेळी आतल्या खोलीला पडदा लावायला लागली अन् भाऊ त्या वेळी अंगणात जाऊन बसायचा. शुगर उतरायला लागली. एक-दोनदा खालीही गेली, साखर खाऊन सावरली. जखम आधी कोरडी झाली, मग कडेने भरत आली, अन् संक्रांतीनंतर सर्जन म्हणाला की पाऊल राहिलं. माझ्या मायचं पाऊल राहिलं! मी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला त्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर एका रविवारी माय म्हणाली, "मले त्याच्याकडं ने."

"कोणाकडं?"

"रविवारच्या डॉक्टरकडं."

मी म्हटलं कायले, झालं ना आता. ती ऐकेना. गेलो. तोच जिना, तीच गर्दी, पाटीवर नवा रंग. नंबर लागला. त्याने सवयीने हात पुढे केला, रिपोर्टसाठी. मी नवा रिपोर्ट दिला. तो म्हणाला, "अरे वा, छान. सोडला ना शेवटी भात?"

मग मी सुटले. काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. गाठ सांगितली, बोट सांगितलं, कुलूप सांगितलं. तो खुर्चीत मागे सरकला अन् म्हणाला, "हे बघा, पेशंटने सांगायला पाहिजे. एवढ्या गर्दीत मी प्रत्येकाचं पोट तपासत बसू का?"

"मग पाटी कायले लावली?" मी ओरडले. दार उघडंच होतं, जिन्यावरचे लोक आत डोकावत होते. "लोकं तुमच्याकडे कायले येतात? रिपोर्ट वाचायला? तो तर लॅबवालाही वाचते!"

मायने माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. मग टेबलाला वळसा घालून ती त्याच्या खुर्चीपाशी गेली. ज्या बाईने सुनेसमोर कधी कंबर उघडी केली नाही, तिने त्या उघड्या दारासमोर, सगळ्यांच्या देखत, पदर बाजूला केला.

"हात लावा," ती म्हणाली.

"आई, राहू द्या..."

"लावा जी हात."

त्याने दोन बोटं टेकवली. गाठ अजून होती, डॉक्टर म्हणाला होता की विरघळायला वेळ लागेल.

"लागली हाताले?"

तो खाली पाहत म्हणाला, "हो."

"माहं बोट हाये त्यात," माय म्हणाली, अन् पदर सारखा करून जिन्याकडे निघाली.